दीड बाय दीड बाय दीड

पहाटे ४.३०

लंगरात चहाला उकळी आलीय. बाहेर काळोख. छत्रपती संभाजीनगरच्या छावणीत या वेळी भट्टीचा आवाज आणि कुणाचा तरी खोकला, एवढंच. हवालदार चहाचा मग घेऊन पायरीवर बसलेत आणि बोटांना पट्टी गुंडाळतायत. कापडी चिकटपट्टीचा रोल, मेडिकलमधून साठ रुपयांना आणलेला. आठवडाभर पुरतो. टिकावाचा दांडा उजव्या हाताच्या दोन बोटांना घासतो. तिथली कातडी दर मार्चमध्ये फुटते, जूनपर्यंत घट्टे पडतात, पावसाळ्यात ते मऊ होतात आणि पुढच्या मार्चमध्ये पुन्हा पहिल्यापासून.

वय चव्वेचाळीस. चोवीस वर्षं फौजेत काढून घरी आलेले. आता पुन्हा वर्दीत. या पलटणीचं पूर्ण नाव लांबलचक आहे: १३६ इन्फंट्री बटालियन, टेरिटोरियल आर्मी, इकॉलॉजिकल, महार. २०१७ साली उभी राहिली. काम मराठवाड्यातल्या उघड्या डोंगरांवर झाडं लावण्याचं. माणसं बहुतेक माजी सैनिक, महाराष्ट्रातलेच. कुणी महार रेजिमेंटमधून आलेला, कुणी मराठा लाइट इन्फंट्रीतून, कुणी तोफखान्यातून. कुणाच्या हाती बावीस वर्षं रायफल होती, कुणाच्या वायरलेस सेट. आता सगळ्यांच्या हाती टिकाव.

पहाटे ५.१०

फॉलिन. सुभेदार साहेब नफरी घेतात. अठ्ठावीस. दोघे रजेवर, एकाचा गुडघा सुजलाय म्हणून एमआय रूमला, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यात. मग हत्यारं. पहारी सात, टिकाव चौदा, फावडी दहा, घमेली वीस, वीस लिटरचे कॅन सोळा. प्रत्येक वस्तू मोजून दिली जाते आणि संध्याकाळी मोजून घेतली जाते. सवय रायफलींची आहे, ती टिकावांनाही लागू झाली.

हवालदार एकेक टिकाव जमिनीवर उलटा आपटून बघतात. दांडा हलला की बाजूला. सैल दांड्याचे टिकाव काल रात्री बादलीत बुडवून ठेवले होते. लाकूड पाणी पितं, फुगतं, आवळून बसतं. तरीही एक हलतोच. त्याला बाभळीची पाचर मारली जाते. नवा दांडा बाजारात दीडशेला. पाचर फुकट.

"खड्डे पार्टी चौदा, पाणी आठ, जाळरेषा चार, नर्सरी दोन," सुभेदार साहेब सांगतात. "आज एकोणचाळीसपर्यंत जाईल पारा. अकरानंतर कुणी उन्हात दिसला तर मला कारण सांगायचं." बस. भाषण नाही.

पहाटे ५.३५

ट्रक छावणीतून बाहेर पडतो. हेडलाइटच्या उजेडात रस्त्याच्या कडेनं पाच-सहा पोरं पळताना दिसतात. अग्निवीर भरतीची तयारी. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत मारायचं आहे. निवड झाली तर चार वर्षं नोकरी, त्यानंतर चौघांतला जास्तीत जास्त एक कायम. ट्रकमधले सगळे त्यांच्याकडे बघतात. एक जण ओरडतो, "हात मोकळे सोड रे!" पोरगं हात मोकळे सोडतं.

टेरिटोरियल आर्मी म्हटलं की गावात लोकांना धोनी आठवतो. त्याला या सेनेत मानद लेफ्टनंट कर्नलचा हुद्दा मिळाला, २०११ मध्ये. पण या राखीव सेनेची मुळं त्याच्या फार मागे जातात. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा इंग्रजांनी १९१७ साली इंडियन डिफेन्स फोर्स उभा केला. १९२० मध्ये कायदा करून त्याचे दोन भाग पाडले, गोऱ्यांचा वेगळा आणि हिंदी लोकांचा वेगळा. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये नवा कायदा झाला आणि ९ ऑक्टोबर १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते टेरिटोरियल आर्मीचं उद्घाटन झालं. बोधवाक्य 'सावधानी व शूरता'. कल्पना सरळ होती. माणसानं आपला धंदा, नोकरी, शेती सांभाळायची, वर्षातले काही आठवडे कवायतीला यायचं, आणि देशाला गरज पडली की वर्दी चढवायची. १९६२, १९६५, १९७१, तिन्ही युद्धांत ही माणसं बोलावली गेली. पुण्यात १०१ आणि कोल्हापुरात १०९, या दोन मराठा पलटणी त्याच सेनेच्या.

बोलावणं आजही येतं. मे २०२५ मध्ये, सीमेवर तोफा चालू असताना, केंद्र सरकारनं लष्करप्रमुखांना टेरिटोरियल आर्मीची माणसं बोलावण्याचे अधिकार दिले. बत्तीस इन्फंट्री पलटणींपैकी चौदा पूर्णवेळ उभ्या करण्याची तरतूद त्यात होती. त्या आठवड्यात या ट्रकमधल्या प्रत्येकाच्या घरून एकच फोन येत होता, तुम्हाला जावं लागेल का. हवालदारांनी बायकोला सांगितलं होतं, आमची पलटण झाडांची आहे. ती म्हणाली, पण माणसं तर तीच ना.

सकाळी ६.१०

उजाडतंय. ट्रक कच्च्या रस्त्यानं वर येऊन थांबतो. समोर दौलताबादच्या किल्ल्याचा डोंगर. आपण उभे आहोत तो उतार मात्र बोडका. वीत-दीड वीत माती, तिच्याखाली पिवळा मुरूम, मुरमाखाली काळा कातळ. कुसळीचं वाळकं गवत मोज्यांत घुसतं.

आधी रेषा. लाकडाची ए आकाराची चौकट आहे, मधोमध ओळंबा लोंबतो. दोन पाय जमिनीवर टेकवायचे, ओळंब्याची दोरी खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत. तिथं चुन्याची खूण. मग चौकट फिरवून पुढची खूण. अशी चालत चालत डोंगराला समांतर रेषा निघते. पाऊस पडला की पाणी या रेषेवर अडतं, खाली पळत नाही. पूर्वी तोफखान्यात असलेला नाईक हे काम करतो. त्याचा डोळा इतका बसलाय की ओळंबा खुणेवर येण्याआधीच तो चुन्याची चिमूट सोडतो.

रेषेवर दर तीन मीटरला एक खड्डा. वरच्या रेषेतले आणि खालच्या रेषेतले खड्डे एकाखाली एक येऊ द्यायचे नाहीत. हेक्टरी १,१११ खड्डे बसतात.

सकाळी ६.३०

खड्डा दीड फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट खोल. ऐकायला काहीच नाही. बघितल्यावर कळतं.

जोडी असते दोघांची. एकानं टिकाव चालवायचा, दुसऱ्यानं उपसायचं. पहिले चार-पाच घाव वरच्या मातीत. ही माती वेगळी ठेवायची, खड्ड्याच्या वरच्या अंगाला. तिथून पुढं मुरूम लागतो आणि आवाज बदलतो. टिकाव टण्णकन उडतो. घाव उभा घालून भागत नाही, तिरका घालून ढलपी उचकटावी लागते. हवालदार डावा पाय पुढं टाकून घालतात, उजव्या खांद्यावरून टिकाव येतो तेव्हा कंबर वळते, पाठ वाकत नाही. "पाठीनं खणलं की तिसऱ्या दिवशी माणूस संपला," ते म्हणतात. पहार लागते ती मधला दगड हलवायला. दगडाच्या कडेनं टोक घुसवायचं, वर बसायचं, जोर आपल्या वजनाचा. हात फक्त धरायला.

मुरूम निघतो तो खालच्या अंगाला टाकायचा, अर्धचंद्राकार. पावसाचं पाणी या मुरमाच्या बांधाला अडून खड्ड्यात वळतं. जुलैत रोप लावताना वरची चांगली माती तळाशी जाईल, मुळं तिथंच पोचणार म्हणून. तोवर हे खड्डे तीन महिने असेच उघडे राहणार. ऊन खात. किडे, बुरशी, अंडी, जे काही मातीत असेल ते भाजून निघावं म्हणून. सरकारी वृक्षारोपणाचे फोटो जुलैत निघतात. त्या फोटोंसाठीचं खोदकाम हे असं मार्चमध्ये झालेलं असतं.

एका खड्ड्यातून नऊ-दहा घमेली निघतात. जोडीला आजचे पंधरा खड्डे. आठव्या खड्ड्याला तिसऱ्या जोडीची पहार ठण्ण करून थांबते. कातळ. चार बोटं बाजूला घेऊन बघतात, तिथंही कातळ. पलीकडं हातभर, तेच. हवालदार येतात, पहारीच्या टोकानं दोनदा ठोकतात, ऐकतात. "सोडा. दगड लावा वर." खड्ड्याच्या जागी तीन दगडांची रास. म्हणजे इथं झाड नाही, पुढच्या पार्टीनं वेळ घालवू नये. अर्धा तास आणि एक पट्टी वाया गेली. कुणी काही बोलत नाही.

सकाळी ८.३०

पुऱ्या, बटाट्याची भाजी, चहा. ट्रकच्या सावलीत सगळे टेकतात. डोक्यावरच्या टोप्या निघतात.

हवालदारांचं प्रशिक्षण सागरला झालं, मध्य प्रदेशात. महार रेजिमेंटचं केंद्र तिथं आहे. तिचा इतिहास त्यांना रिक्रूट असताना पाठ करायला लावला होता आणि तो अजून पाठ आहे. एकोणिसावं शतक संपता संपता महारांची सैन्यभरती इंग्रजांनी बंद केली. १९१७ मध्ये महायुद्धासाठी माणसं हवी होती, तेव्हा १११ महार ही पलटण उभी केली. युद्ध संपलं, १९२१ मध्ये ती मोडली. दुसरं महायुद्ध आलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर होते, त्यांनी पाठपुरावा केला. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. ती मात्र मोडली नाही.

"माझे पणजोबा एकशेअकरात होते म्हणतात," हवालदार सांगतात. "कागद काही नाही. पलटण मोडल्यावर गावी आले आणि गावकीच्या कामाला लागले. पुन्हा तेच."

हे ते सहज सांगतात, पुरीचा तुकडा मोडता मोडता. ऐकणाऱ्याला मात्र थांबावं लागतं. गरज लागली की उभी करायची आणि गरज सरली की मोडायची, ही राखीव पलटणींची सगळीकडची रीत आहे. मोडल्यावर माणूस कुठं जातो, ते पलटणीच्या इतिहासात सहसा येत नाही.

सकाळी ९.१५

पाण्याचा टँकर आलाय, पाच हजार लिटरचा. पाणी पार्टीचं काम पलीकडच्या पट्ट्यात, दोन वर्षांपूर्वी लावलेल्या झाडांवर. लिंब, करंज, आवळा, सीताफळ, चिंच, अधूनमधून वड आणि पिंपळ. सगळी इथल्या मातीत रुळलेली. झाडाला आठवड्याला दहा लिटर. म्हणजे टँकरला पाचशे झाडं, सांडलवंड सोडून.

पाइप पोचतो तिथवर काम सोपं आहे. त्याच्या वर कॅन. वीस लिटर म्हणजे वीस किलो. खांद्यावर घेऊन चढायचं, दोन झाडांना घालायचं, रिकामा घेऊन उतरायचं. एका फेरीत दोन झाडं. उतार असा की मुरूम पायाखालून सरकतो आणि कॅनमधलं पाणी डचमळून माणसाला मागं ओढतं. वरच्या ओळीतली झाडं खालच्या ओळीतल्यांपेक्षा महाग पडतात, पैशात नाही, गुडघ्यांत. एमआय रूमला गेलेला जवान याच पार्टीतला.

झाडाच्या बुंध्याशी आळं केलेलं आहे, त्यावर वाळकं गवत पसरलंय. पाणी घालायच्या आधी गवत हातानं बाजूला, पाणी हळू, मुरतंय तोवर थांबायचं, मग गवत परत जागेवर. गवत विसरलं तर दुपारपर्यंत निम्मं पाणी उडून जातं. एक जवान घाईत विसरतो. हवालदार खालून बघतात. हाक मारत नाहीत. स्वतः चढून जातात, गवत सारखं करतात आणि खाली येतात. त्या जवानानं पुढची सगळी आळी नीट झाकली.

सकाळी १०.००

मोजणी. हे काम हवालदार दुसऱ्या कुणाकडं देत नाहीत.

मार्चमध्ये निम्मी झाडं पानं टाकून उभी असतात. कुठलं मेलं आणि कुठलं झोपलंय, ते लांबून कळत नाही. हवालदार वाकतात, बुंध्याच्या वर वीतभर अंतरावर अंगठ्याच्या नखानं साल खरवडतात. आत हिरवं दिसलं की जिवंत. तपकिरी आणि कोरडं, की थोडं खाली खरवडायचं. तिथंही कोरडं, की मुळाशी. मुळाशी हिरवं असेल तर झाड जिवंतच धरायचं, पावसात नवा कोंब येतो. एका करंजाला चार ठिकाणी खरवडलं. चौथ्या ठिकाणी, मातीला टेकून, हिरवी रेघ दिसली. वहीत रेघ ओढली गेली.

शंभर झाडांच्या ओळीत एकोणऐंशी जिवंत. एकवीस नांग्या भरायच्या, जुलैत. कारणंही लिहितात. बारा वाळली. चार शेळ्यांनी खाल्ली. दोन वाळवीनं. तीन सापडलीच नाहीत.

महाराष्ट्रात २०१६ च्या १ जुलैला दोन कोटी झाडं लावायचा कार्यक्रम झाला. २०१७ ला चार कोटी, २०१८ ला तेरा कोटी, २०१९ ला तेहेतीस कोटी, असं लक्ष्य वाढत गेलं. नखानं साल खरवडून बघणाऱ्यांची संख्या त्याच प्रमाणात वाढायला हवी होती. मला वाटतं, झाड लावणाऱ्या प्रत्येक खात्याचं मूल्यमापन अशा वहीवरूनच करावं, आणि तेही तिसऱ्या मार्चमध्ये.

सकाळी १०.४०

वरच्या अंगाला घंटा वाजते. शेळ्या. तीस-पस्तीस असतील. मागं एक म्हातारी, डोक्यावर पदर, हातात आकडी.

"मावशी, शेळ्या खाली घ्या."

"खाली काय हाय मेजर? खाली एका बाजूनं प्लॉटिंगवाल्यानं तार ओढली. वर तुमचे खड्डे. जनावरानं जावं कुठं?"

"गवत कापून न्या म्हणलं होतं ना. कुणी अडवत नाही."

"शेळी कापलेलं गवत खाती व्हय? तिला पाला लागतो."

ती खरं बोलतेय आणि हवालदारांना ते ठाऊक आहे. त्यांच्या घरीही शेळ्या होत्या. ईदला दोन बोकड विकायचे आहेत तिला, तोवर ते भरले पाहिजेत. खड्ड्यांच्या आधी हा डोंगर तिचा होता, कागदावर नसला तरी.

थोडा वेळ दोघंही उभे राहतात. मग हवालदार म्हणतात, "नर्सरीच्या कुंपणाला सुबाभूळ माजलीय. उद्या पोरं छाटणार आहेत. दोन दिवसांचा पाला निघेल. पोराला सायकल घेऊन पाठवा." म्हातारी आकडी फिरवते. शेळ्या उतरायला लागतात. जाता जाता एक शेळी उंच होऊन लिंबाचा शेंडा ओढतेच. हवालदार बघतात. वहीत काही लिहीत नाहीत.

सकाळी ११.१५

शिट्टी. खड्डे मोजले जातात. सात जोड्यांचे एकशे पाच व्हायला हवे होते, अठ्ठ्याण्णव झाले. कातळानं खाल्ले बाकीचे. तीन मीटरच्या हिशेबानं अठ्ठ्याण्णव खड्डे म्हणजे पावणेनऊ गुंठे जमीन.

टिकाव ट्रकमध्ये. लोखंड एवढं तापलंय की पात्याला हात लावता येत नाही.

दुपारी १२.३०

जेवण छावणीत. भात, वरण, कोबी, चपात्या, ताक. ताकाला गर्दी.

पगाराची गोष्ट निघते, जेवताना निघतेच. हवालदाराच्या वेतनश्रेणीचं मूळ वेतन २९,२०० पासून सुरू होतं, वर ५,२०० सैनिकी सेवा वेतन, शिवाय भत्ते. या सेनेत सेवा चालू असताना पगार नियमित फौजेसारखाच. पलटणीचा खर्च राज्य सरकार उचलतं, रोपं आणि जमीन वनखात्याची, माणसं आणि शिस्त सैन्याची. हेच खड्डे रोजगार हमीवर खणले तर मजुराला २०२५-२६ मध्ये दिवसाला ३१२ रुपये मिळत होते. सध्या कांदा काढणी चालू आहे, तिथं त्याहून जास्त मिळतात. म्हणून मार्चमध्ये गावात खड्ड्याला माणूस मिळत नाही. कांदा आधी, डोंगर नंतर. गावाचं बरोबरच आहे.

हवालदारांची मुलगी बारावीला. नीटचा क्लास शहरात, खोली भाड्यानं, मेस वेगळी. मुलगा नववीत. पेन्शनमध्ये गावचं घर चालतं, या पगारात मुलगी. सोसायटीत सुरक्षारक्षकाचं काम त्यांना मिळत होतं, बारा तासांचं. "गेटवर उभं राहून चारचाक्यांच्या नोंदी करायच्या. चोवीस वर्षं नोकरी करून ते नको वाटलं," म्हणतात.

दुपारी १.१५ ते ३.३०

पंखे फिरतात. बराक झोपते.

दुपारी ३.४५

नर्सरी. हिरव्या जाळीखाली रोपांच्या काळ्या पिशव्या ओळीत. दोन जवान खाली बसून पिशव्या भरतायत. माती, शेणखत, वाळू. पिशवी भरली की जमिनीवर दोनदा आपटायची, म्हणजे पोकळी राहत नाही. मग बोटानं खळी, खळीत करंजाचं बी, वर चिमूटभर माती. जुनी रोपं उचलून जागा बदलावी लागते, नाहीतर मूळ पिशवी फोडून जमिनीत जातं आणि उचलताना तुटतं. यालाही दिवस लागतात.

सैनिकांनी झाडं लावायची, हे आलं कुठून? मसुरीच्या डोंगरांवर चुनखडीच्या खाणी होत्या. डोंगर सोलून निघाले, दून खोऱ्यातले झरे आटले, दरडी कोसळायला लागल्या. उजाड मुलखासाठी माजी सैनिकांच्या तुकड्या वापराव्यात, ही सूचना कृषिशास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग यांनी इंदिरा गांधींना केली होती असं सांगतात. १ डिसेंबर १९८२ रोजी १२७ इन्फंट्री बटालियन, इकॉलॉजिकल, गढवाल रायफल्स, ही पहिली पलटण डेहराडूनला उभी राहिली. दुसरी राजस्थानात, इंदिरा गांधी कालव्याच्या वाळवंटात. मग जम्मू, पिथोरागड, दिल्लीच्या भाटी खाणी, हिमाचल, आसाम. प्रत्येक ठिकाणी जमीन अशी की जिथं ठेकेदार टिकत नाही आणि वनरक्षक एकटा पुरत नाही.

मराठवाड्याचा नंबर दुष्काळानं लावला. २०१२ च्या दुष्काळानंतर एखादं वर्ष सोडलं तर पाऊस सलग हुलकावणी देत राहिला, आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. पुढच्याच वर्षी ही पलटण उभी राहिली. नर्सरीतला एक जवान लातूरचा आहे. त्या उन्हाळ्यात तो सिक्कीममध्ये होता, भोवती बर्फ. "घरून फोन आला, आंघोळ चार दिवसांनी करतो म्हणून," तो सांगतो. हात थांबत नाहीत. पिशवी, माती, दोनदा आपटणं, बोट, बी.

सायंकाळी ५.१०

जाळरेषा. लावलेल्या पट्ट्याच्या कडेनं पाच मीटर रुंदीचा पट्टा गवतमुक्त ठेवायचा, म्हणजे बाहेरून वणवा आला तर आत शिरत नाही. गवत फेब्रुवारीतच काढून झालंय. आता वाऱ्यानं येऊन पडलेला पाला रोज ओढावा लागतो. चौघे दाताळं घेऊन ओढतायत.

साडेपाचच्या सुमाराला पूर्वेकडे धूर दिसतो. पांढरा, सरळ वर जाणारा. दाताळी खाली पडतात. चौघे आणि हवालदार, प्रत्येकाच्या हाती हिरवी फांदी, उताराच्या कडेनं पळत. गाठल्यावर दिसतं, शेतकरी गव्हाचं काड आणि बांधावरचं गवत जाळतोय. शेत त्याचं, बांध त्याचा. वारा अजून त्याच्या बाजूचा आहे.

"वारा फिरला तर?" हवालदार विचारतात.

"फिरत नाही. ध्यान हाय माझं."

"तुमचं आहेच. आम्हीपण थांबतो."

सगळे थांबतात. तासभर. विस्तव निखाऱ्यावर येतो, शेतकरी दोन बादल्या पाणी मारतो, जवान बुटांनी राख उकरून बघतात. शेतकरी तंबाखू पुढं करतो. एक जण घेतो. एका ठिणगीत दोन वर्षांचे कॅन जातात, हे इथं कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

सायंकाळी ७.२०

गिनती. माणसं पूर्ण. हत्यारं पूर्ण, एक घमेलं तळाशी फुटलंय. सुभेदार साहेब म्हणतात, त्यात माती नको, रोपं वाहायला वापरा. गुडघावाल्याला तीन दिवस हलकं काम, म्हणजे नर्सरी. दोन टिकाव पुन्हा बादलीत.

रात्री ८.४५

हवालदारांनी बोटांची पट्टी सोडलीय. खालची कातडी पांढरी पडलीय, एका बाजूला चीर. खोबरेल लावून ते मुलीला फोन करतात. चाचणीत किती आले, जेवलीस का, खोलीत पंखा चालतो का. नवी पुस्तकं घ्यायचीत, अठराशे रुपये. पाठवतो म्हणतात. लगेच पाठवतात.

मग वही. आजची तारीख. खड्डे ९८. पाणी, दोन टँकर. ओळीत जिवंत ७९. कातळ ७ जागी. आग नाही. पट्टे काही वर्षं राखून, मुळं धरली की वनखात्याच्या हवाली करायचे असतात. त्या दिवशी या वहीतले आकडेच बोलतील, म्हणून अक्षर सुवाच्य काढलेलं आहे.

येत्या जुलैत आपल्यापैकी अनेक जण कुठल्या ना कुठल्या डोंगरावर झाड लावायला जातील. जरूर जावं. पण जागा लक्षात ठेवावी आणि पुढच्या मार्चमध्ये तिथं पुन्हा जावं, जाताना दहा लिटर पाणी न्यावं. झाड पानं टाकून उभं असेल तर मेलं म्हणून परत फिरू नये. आधी नखानं साल खरवडून बघावी, अगदी मुळाशी.